भिंतीतल्या डब्यात न मावणारा स्विच

१/ जुन्या अमेरिकी घरात दिव्याचा स्विच बदलताना एक प्रसंग वारंवार घडतो. नवा स्विच तारांना व्यवस्थित जोडला जातो, परंतु भिंतीतल्या डब्यात शिरत नाही. मागे कोंबलेल्या तारा त्याला बाहेर ढकलतात. दोष हाताचा नसतो. तो डबा वेगळ्या काळासाठी घडवलेला असतो.

२/ प्रारंभी डबा नव्हताच. सुरुवातीच्या खटक्यांत हात जितका सावकाश फिरे, तितके धातूचे संपर्क सावकाश सुटत आणि मधल्या फटीत ठिणगी जळत राही. एकदिश प्रवाहात ती लवकर विझत नसे. १८८४ मध्ये इंग्लंडमधील न्यूकॅसलच्या जॉन हेन्री होम्स यांनी स्प्रिंगच्या झटक्याने संपर्क तोडणारा खटका सिद्ध केला. हात कसाही फिरो, तोडणे क्षणार्धातच. हे खटके भिंतीच्या पृष्ठभागावर बसत. जागेचा प्रश्नच नव्हता.

३/ (मुंबईच्या जुन्या चाळींत लाकडी गट्टीवरचे काळे गोल खटके ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही ब्रिटिश वळणाची पद्धत ओळखीची वाटेल. तारा भिंतीवरून लाकडी पट्टीवर उघड्या धावत.)

४/ अमेरिकेत मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दोन बटणांचे स्विच आले आणि यंत्रणा भिंतीच्या आत गेली. तेथील भिंती म्हणजे लाकडी पट्ट्यांवर गिलावा. आत ठिणगी पडली तर घर पेटणार. म्हणून जोडण्यांभोवती धातूचा डबा आला. या शिस्तीमागे संशोधकांपेक्षा विमा कंपन्यांची चिंता अधिक होती, हे विसरता कामा नये. विल्यम हेन्री मेरिल यांनी शिकागोत अंडररायटर्स लॅबोरेटरीजची स्थापना केली ती १८९४ मध्ये. राष्ट्रीय विद्युत संहिता आली १८९७ मध्ये. १९१६-१७ च्या सुमारास ब्रुकलिनच्या न्यूटन आणि गोल्डबर्ग यांचा दांडीचा स्विच आला आणि बटणे हळूहळू मागे पडली.

५/ डबे तसेच राहिले, तारा मात्र वाढत गेल्या. पूर्वी स्विचपर्यंत दोनच तारा येत. पुढे अर्थिंगची तार आली. २०११ च्या संहितेने बहुतेक ठिकाणी स्विचच्या डब्यात न्यूट्रलही असावी असे ठरवले, कारण इलेक्ट्रॉनिक स्विचला स्वतःसाठीही थोडी वीज लागते.

६/ आता हिशेब पाहावा. ३ × २ × २½ इंचांच्या डब्यास संहिता १२.५ घन इंच जागा धरते. १४ गेजची प्रत्येक तार २ घन इंच मागते. दोन केबल आत आल्या तर चार तारांचे ८, सर्व अर्थिंग मिळून २, स्विचचे ४ (तो दोन तारांइतका मोजला जातो), आतल्या क्लॅम्पचे २. एकूण १६. म्हणजे साधा स्विचही येथे नियमाने बसत नाही. जाडजूड डिमरची गोष्टच सोडा.

७/ हा हिशेब केवळ सोयीसाठी नाही. डिमर तापतो आणि आपली उष्णता पुढच्या धातूच्या पट्टीतून बाहेर टाकतो. दोन डिमर शेजारी बसवण्यासाठी त्या पट्टीच्या कडा तोडल्या, तर त्याची क्षमता कमी धरावी लागते. त्यातच जुन्या तारांवर सुती कापड आणि रबराचे वेष्टन असते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ते ठिसूळ होते आणि स्विच दाबून बसवताना नेमके वाकणावरच तडकते. बाहेरून झाकण नीट दिसते. मागे उघडे तांबे धातूच्या डब्याला टेकलेले असते.

८/ म्हणून जाणता कारागीर पुरवठा बंद करून, टेस्टरने खात्री करून घेतल्यावरही तारा कापून आखूड करत नाही. संहितेनुसार किमान ६ इंच तार मोकळी हवी. आखूड तारेवर पुढच्या वेळी कामच करता येत नाही. तो आधी अर्थिंगच्या तारा तळाशी बसवतो, मग न्यूट्रल, शेवटी स्विचच्या तारा घडी घालून. एवढे करूनही जागा पुरली नाही, तर दाबणे थांबवून जुना डबा काढतो आणि गिलाव्याला धरून राहणारा खोल डबा घालतो. भिंत फोडणे शक्य नसेल, तर जुन्या डब्यावर बाहेरून जोडडबा चढवतो. दिसायला तो ओबडधोबड असतो, पण त्याचे घनइंच हिशेबात धरले जातात.