नको त्या टपालाची बखर

गुलमंडीवरून रिकाम्या हातानं कुणी परतत नाही. काही विकत घेतलं नाही, तरी साड्यांच्या सेलचं एखादं पत्रक हातात पडतंच. पण ते वाटणाऱ्याला निदान कागद आणि छपाईला पैसे मोजावे लागतात. संगणकावरच्या टपालाचं तसं नाही. पाठवणाऱ्याला एक पत्र काय नि लाख काय, खर्च जवळजवळ सारखाच. जागा, वेळ आणि मनस्ताप मात्र घेणाऱ्याचा!

या उद्योगाचे आद्य पुरुष म्हणजे गॅरी थुर्क. अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीच्या विक्री खात्यातले गृहस्थ. मे १९७८मध्ये आर्पानेट या जाळ्यावरच्या सुमारे ४०० जणांना त्यांनी नव्या यंत्राच्या प्रात्यक्षिकाचं आमंत्रण एका फटक्यात धाडलं. पत्ते इतके झाले, की पत्त्याच्या जागेत मावेनात, मजकुरात सांडले. लग्नपत्रिकेत निमंत्रितांची यादीच छापावी, तसं! जाळं चालवणाऱ्यांनी कानउघाडणी केली. पण त्यातून विक्रीही झाली, असं थुर्क सांगत, आणि तिथंच घात झाला. एकदा बोहनी झालेली गल्ली फेरीवाला सोडतो होय?

पुढे या टपालाला ‘स्पॅम’ हे नाव पडलं. मूळचं ते डबाबंद मांसाचं. १९७०च्या एका ब्रिटिश विनोदी प्रहसनात हॉटेलातल्या जवळजवळ प्रत्येक पदार्थात तेच निघतं, म्हणून.

आमच्या एका स्नेह्यांची गुलमंडीजवळ लहानशी कंपनी आहे. तिच्या सर्व्हरवर रोज सकाळी कुणाला ना कुणाला परदेशी लॉटरी लागलेली असे. वैतागून त्यांनी ‘सवलत’ हा शब्द असलेलं प्रत्येक पत्र टोपलीत टाकायचा हुकूम यंत्राला दिला. यंत्र आज्ञाधारक. एका जुन्या गिऱ्हाइकानं मोठी ऑर्डर देताना सहज विचारलं होतं, “सवलत किती द्याल?” ऑर्डर टोपलीत, गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात.

यावर शहाण्यांनी दोन तोडगे काढले. पहिला पॉल ग्रॅहम यांनी २००२मध्ये लोकप्रिय केला. एकाच शब्दावर फाशी द्यायची नाही. चांगल्या-वाईट पत्रांत कोणते शब्द किती वेळा येतात ते यंत्रानं शिकायचं, आणि सगळ्यांची गोळाबेरीज करून निकाल द्यायचा. गणित अठराव्या शतकातल्या बेझ नावाच्या इंग्रज पाद्र्याचं. दुकानदार नाही का, गिऱ्हाइकाची चाल, पिशवी आणि बोलणं मिळून ओळखतो, की हा घेणारा की नुसतं उलगडायला लावणारा!

दुसरा तोडगा २००३चा. अनोळखी सर्व्हर दाराशी आला, की म्हणायचं, “थोड्या वेळानं या.” खरा असतो तो परत येतो, घाऊक पत्रकं वाटणारा बहुधा पुढचं दार गाठतो. आपल्या कचेऱ्यांना ही युक्ती पूर्वापार ठाऊक आहे. फरक एवढाच, की तिथं खरा माणूसच कंटाळून जातो.

तरी चूक व्हायचीच. म्हणून स्नेह्यांनी हुकूम बदलला: संशयित टपाल फेकायचं नाही, बाजूला ठेवायचं, संध्याकाळी कारकुनानं त्यावर नजर फिरवायची. दुकान झाडताना केरात रुपया गेला नाही ना, हे पाहायला गुलमंडीच्या व्यापाऱ्याला का शिकवावं लागतं?