व्रत आणि विनोद

विनोदी बोलपटाला इतिहासांत स्थान द्यावें काय, असा प्रश्न कोणीं केल्यास मी त्याला १९३८ सालाकडे बोट दाखवीन. त्या एका वर्षांत दोन बोलपट पडद्यावर आले. एक हॉलिवुडचा, हॉवर्ड हॉक्स यांचा ‘ब्रिंगिंग अप बेबी’. दुसरा कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सचा, मास्टर विनायक दिग्दर्शित ‘ब्रह्मचारी’. दोहोंची जन्मभूमि निराळी, पण विनोदाचें बीज एकच.

अमेरिकेंत या प्रकाराला भर आला तो १९३४ पासून. त्या सालीं फ्रँक काप्रा यांचा ‘इट हॅपन्ड वन नाइट’ निघाला, आणि त्याच सालीं तेथील चित्रपटांची नीतिसंहिता कडकपणें अमलांत येऊं लागली. प्रणय उघड दाखविण्यास मज्जाव झाला, तेव्हां लेखकांनीं तो भांडणांत दडविला. काप्रांच्या बोलपटांत नायक-नायिकेला एकाच खोलींत रात्र काढावी लागते. मध्यें दोरीवर एक घोंगडी टांगली जाते. नियमहि पाळला गेला आणि गंमतहि साधली! पुढें ‘ब्रिंगिंग अप बेबी’मध्यें कॅरी ग्रँट हा प्राचीन प्राण्याचा सांगाडा जुळविणारा पंडित झाला. कॅथरिन हेपबर्न ही श्रीमंत तरुणी एका माणसाळलेल्या बिबळ्यासह त्याच्या आयुष्यांत शिरते, आणि अखेरीस त्याचा सांगाडाहि कोसळतो व पांडित्याचा ताठाहि.

आतां आपल्याकडे पाहा. ‘ब्रह्मचारी’ची कथा आचार्य अत्रे यांची. नायक औदुंबर ब्रह्मचर्यावरील एक व्याख्यान ऐकून भारावतो, नट्यांचीं चित्रें टाकून देतो आणि व्रत घेतो. पुढें किशोरी त्याच्यासमोर येते आणि व्रताचा पाया डळमळूं लागतो. विनायकांनीं औदुंबर व मीनाक्षी यांनीं किशोरी रंगविली. पोहण्याच्या पोशाखांत गाणारी नायिका पाहून त्या काळीं केवढी खळबळ उडाली! परंतु त्या पोशाखापेक्षां मला दुसरी गोष्ट मोठी वाटते.

मी चोरखमाऱ्याचा. नागझिऱ्याच्या जंगलालगतचें, तलावाकांठचें हें गांव. पूर्वीं भंडारा जिल्ह्यांत, १९९९ पासून गोंदिया जिल्ह्यांत. आमच्या झाडीपट्टीच्या दंडारींत पुरुषच स्त्रीवेष घेत आले. तेथें स्त्रीच्या तोंडचा विनोद हाहि अखेर पुरुषाचाच विनोद असे. ‘ब्रह्मचारी’मध्यें मात्र एक तरुण स्त्री स्वतः पडद्यावर येऊन पुरुषाच्या प्रतिज्ञेची परीक्षा घेते. पसंती तिची, पुढाकार तिचा. हेपबर्नची नायिका आणि आमची किशोरी येथें एकमेकींच्या सख्या शोभतात.

अत्र्यांनीं संयमाची थट्टा केली, असा आक्षेप येईल. शाळामास्तर म्हणून नियमांशीं माझें आयुष्यभर सख्य आहे. त्यामुळें हा आक्षेप मला हलका वाटत नाहीं. ब्रह्मचर्य आणि देशसेवा हे शब्द तेव्हां जोडीनें उच्चारले जात. पण अत्रे हे स्वतः हाडाचे शिक्षक. त्यांचा बाण लागला तो संयमाला नव्हे, तर एका व्याख्यानांत उसन्या घेतलेल्या वैराग्याला. ज्या अत्र्यांनीं ‘ब्रह्मचारी’ लिहिला, त्यांनींच १९५३ सालीं साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’चा बोलपट निर्माण केला व दिग्दर्शित केला, राष्ट्रपतींचें पहिलें सुवर्णपदक त्यालाच मिळालें. संस्कारांचा शत्रु असें कार्य करीत नाहीं.

मास्टर विनायक १९४७ सालीं, ऐन उमेदींत निवर्तले. हॉक्स यांच्या बोलपटाला आरंभीं अपेक्षित यश लाभलें नव्हतें. आज तो अभिजात गणला जातो. ‘ब्रह्मचारी’ महाराष्ट्रानें मात्र तेव्हांच आपला मानला. परतंत्र आणि गंभीर काळांतहि आपल्याच आदर्शांकडे पाहून मनमोकळें हंसण्याइतका मराठी समाज प्रौढ होता, याची ही साक्ष आहे. जें व्रत खरें असतें, तें थट्टेनें मोडत नाहीं; आणि जें मोडतें, तें मोडलेलेंच बरें.