नगरचा खापरी नळ आणि पाण्याची खळबळ

अहमदनगरचें, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचें, नांव निघालें कीं वाचकांस भुईकोट किल्ला, चांदबिबी आणि मलिक अंबर यांची आठवण होते. त्या शहराच्या पोटांतून वाहणाऱ्या पाण्याची आठवण मात्र क्वचितच कोणास होत असेल. 1490 मध्यें मलिक अहमदानें निजामशाहीचा पाया घातला, आणि पुढील शतकांत कापूरवाडीसारख्या भोवतालच्या गांवांकडून भाजलेल्या मातीच्या खापरी नळांनीं शहरांत पाणी खेळविण्यांत आलें. 1583 च्या सुमारास पुरा झालेला फराहबागेचा महाल तर तलावाच्या मध्यभागींच उभा केलेला. त्या तलावाचें पाणीहि बाहेरूनच आणलेलें होतें.

हे नळ बांधणारे कारागीर जलशास्त्राचे पंडित होते, असें अभिमानानें सांगण्याची चाल आहे. आम्हांस तें पटत नाहीं. आणि तसें न मानल्यानें त्यांचा मोठेपणा तिळभरहि कमी होतो असें नाहीं. उतार किती द्यावा हें त्यांचा हात जाणत होता. परंतु बंद नळाच्या आंत पाणी कशा रीतीनें चालतें, हें त्या काळीं पृथ्वीच्या पाठीवर कोणासच ठाऊक नव्हतें. द्रवाच्या गतीचीं समीकरणें नाव्हिए या फ्रेंच पंडितानें 1822 त मांडलीं आणि स्टोक्स यांनीं 1845 त त्यांस पक्कें रूप दिलें. समीकरणें हातीं आलीं तरी पाणी हातीं आलें नाहीं, ही या विषयाच्या इतिहासांतील खरी गंमत होय.

1883 सालीं मँचेस्टर येथें ऑस्बर्न रेनल्ड्स यांनीं पाण्यानें भरलेल्या हौदांत कांचेची नळी आडवी ठेवून तिच्या तोंडाशीं रंगाची बारीक धार सोडली. वेग कमी असतां ती धार ताणलेल्या दोऱ्यासारखी सरळ गेली. वेग वाढवीत नेतां एका क्षणीं तो दोरा विसकटला आणि रंग सर्व पाण्यांत मिसळून गेला. विजेच्या ठिणगीच्या क्षणिक उजेडांत पाहिलें तेव्हां त्या मिसळणींत निरनिराळे भोंवरे दिसले. वेगास नळीच्या व्यासानें गुणावें, आणि द्रवाचा चिकटपणा व घनता यांच्या गुणोत्तरानें भागावें. येणाऱ्या अंकावर हा पालट अवलंबून असतो, हें रेनल्ड्स यांनीं दाखविलें. अंक सुमारें 2000 च्या आंत असेपर्यंत बाहेरचा धक्का जिरून जातो. त्यावर संथपणाची हमी नाहीं.

हाच हिशेब खापरी नळास लावून पाहूं. नळाचा व्यास 4 इंच आणि पाण्याचा वेग सेकंदास 1 फूट धरला, तर हा अंक तीस हजारांच्या घरांत जातो. तेथें प्रवाह खात्रीनें संथ ठेवावयाचा तर वेग सेकंदास एका इंचाहूनहि कमी हवा, आणि तेवढ्या पाण्यावर शहराची तहान भागत नाहीं. तेव्हां नगरच्या नळांतलें पाणी प्रथमपासून खळबळीचेंच असलें पाहिजे. संथ प्रवाहांत वेग दुप्पट केल्यास घर्षण दुप्पट होतें, खळबळींत तें तिपटीहून अधिक वाढतें. कारागिरानें ही किंमत जास्त उतार देऊन चुकविली. आपण ती पंपाच्या विजेनें चुकवितों.

येथवर सर्व सरळ दिसतें. परंतु रेनल्ड्स यांनीं पाणी फार निवांत ठेवलें तेव्हां धार बारा-तेरा हजारांपर्यंत सरळ राहिली होती. त्यांचें उपकरण मँचेस्टरांत जपून ठेवलेलें आहे. पुढें त्यावर पुन्हां प्रयोग केला तेव्हां रस्त्यावरील वाहनांच्या हादऱ्यांमुळें तो आंकडा गाठतां आला नाहीं! गणितहि असेंच सांगतें, कीं सरळ नळींत अतिसूक्ष्म धक्का वाढत नाहीं, विरतो. मग संथ प्रवाह मोडतो कशानें, आणि मोडून जातो कोठें? पुष्कळ काळ यास ‘गोंधळांत’ एवढेंच उत्तर मिळे.

खरें उत्तर त्याच जुन्या समीकरणांत दडलेलें होतें. 1990 मध्यें नागाता या जपानी गणितज्ञानें, परस्परविरुद्ध सरकणाऱ्या दोन पाट्यांमधील द्रवासाठीं, संथ प्रवाहाहून निराळें असें एक स्थिर रूप शोधून काढलें. 2001 त कावाहारा आणि किदा यांस ठराविक काळानें मूळ पदावर येणारीं रूपें सांपडलीं. आणि 2003 त फाइस्ट व एकहार्ट यांनीं, 2004 त वेदिन व करस्वेल यांनीं, नळींतून आपला आकार न बदलतां पुढें सरकणाऱ्या लाटा दाखविल्या. हीं साधीं, अविकारी उत्तरें होत. मात्र बोटावर तोललेल्या काठीप्रमाणें तीं सर्व ढळतीं आहेत. प्रवाह त्यांच्या जवळ येतो, क्षणभर त्यांच्यासारखा दिसतो आणि दूर जातो.

नगर जिल्ह्याच्या वाचकास हें समजणें कठीण नाहीं. अकोले तालुक्यांत सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेला थेंब बोटभर पूर्वेस कलला तर प्रवरेंतून गोदावरीस मिळून बंगालच्या उपसागरास जातो, पश्चिमेस कलला तर कोंकणांत उतरतो. संथपणा आणि खळबळ यांमध्येंहि असाच माथा आहे, आणि त्या उत्तरांपैकीं कांहीं नेमकीं त्या माथ्यावर बसलेलीं आहेत. इतर उत्तरें खळबळीच्या प्रदेशांत विखुरलेलीं असून, पालखीनें गांवोगांवीं मुक्काम करावा तसा प्रवाह त्यांच्यांतून हिंडतो. फरक इतकाच कीं, येथें मुक्कामांचा क्रम ठरलेला नाहीं.

हा नुसता कल्पनेचा खेळ नव्हे. 2004 मध्यें होफ आणि त्यांचे सहकारी यांस प्रत्यक्ष नळींतील पाण्यांत त्या लाटांशीं जुळणारीं रूपें क्षणभर दिसलीं. 2011 मध्यें, खळबळीचे तुटक पुंजके विरण्याहून अधिक वेगानें दुभंगूं लागतात तो अंक सुमारें 2040 आहे, असें ठरलें. 2018 त तर, नळींतील वेगाची वांटणी बदलली असतां खळबळ विझवितां येते, असें प्रयोगानें दिसून आलें. ज्या जिल्ह्यांत अवर्षण पाठ सोडीत नाहीं, तेथें घर्षणांत वायां जाणाऱ्या शक्तीचा हा प्रश्न घरचाच समजला पाहिजे.

यांतून इतिहासाच्या अभ्यासकानेंहि कांहीं घ्यावें असें आम्हांस वाटतें. निजामशाहीच्या अखेरच्या चाळीस वर्षांस, 1595 पासून 1636 पर्यंतच्या काळास, अंदाधुंदी हें नांव देऊन पान उलटणें सोपें असतें. परंतु त्याच काळांत मलिक अंबरानें जमीनमहसुलाची घडी बसविली. ती टिकली नाहीं हें खरें. पण टिकली नाहीं म्हणून ती नव्हतीच असें म्हणणें हा निराळा दोष होय. गोंधळ हें चौकशी थांबविणाऱ्याचें उत्तर आहे. त्या गोंधळाचे मुक्काम कोणते, हा चौकशी करणाऱ्याचा प्रश्न आहे. समीकरणें हातीं आल्यावरहि तो विचारावयास गणितज्ञांस दीड शतक लागलें. खापरी नळांतलें पाणी मात्र या मुक्कामांच्या आसपास त्यापूर्वींच तीनशे वर्षें हिंडत होतें.