एंटालीची भिंत

मराठीत ‘कॉन्व्हेंट’ हा शब्द आता इतका सैल झाला आहे की कोणत्याही संस्थेची इंग्रजी माध्यमाची शाळा त्याने ओळखली जाते. मूळ अर्थ मात्र धर्मभगिनींचा मठ असा आहे. मठ आणि शाळा एकाच आवारात नांदू लागल्या की अभ्यासक्रम आणि धर्मशिक्षण यांचे परस्परांशी काय नाते ठरते? या प्रश्नाचा विचार करताना मला नेहमी कोलकात्याच्या एंटाली भागातील सेंट मेरीज ही मुलींची माध्यमिक शाळा आठवते. ही ‘कॉन्व्हेंट’ शाळा बंगाली माध्यमाची होती, हे आपल्या रूढ कल्पनेला धक्का देणारे असले तरी खरे आहे.

ही शाळा चालविणाऱ्या लोरेटो संघाची परंपरा इंग्लंडच्या मेरी वॉर्ड यांच्यापर्यंत जाते. मठाच्या भिंतीआड न राहता जेझुइटांप्रमाणे समाजात वावरून मुलींना शिकविणारा स्त्रियांचा संघ त्यांनी १६०९ मध्ये आरंभिला. हे मोकळेपण रोमला मानवले नाही आणि १६३१ मध्ये पोप आठवे अर्बन यांनी तो विसर्जित केला. परंपरा मात्र तगून राहिली. तिच्या आयरिश शाखेच्या भगिनी १८४१ च्या अखेरीस कोलकात्यात उतरल्या आणि जानेवारी १८४२ मध्ये लोरेटो हाउस ही त्यांची शाळा सुरू झाली. दरम्यानच्या काळात मठाबाहेर न जाण्याचा नियम या संघानेही स्वीकारला होता. बंदिस्तपणाला नकार देऊन जन्मलेली परंपरा भिंतीआड येऊन बसली होती.

या शाळांच्या वेळापत्रकात दोन प्रवाह शेजारी शेजारी वाहत. १८५४ च्या वुडच्या खलित्याने अनुदानाचे जे धोरण आखले, त्यात सरकारने पाहायचे ते ऐहिक शिक्षण. धर्मशिक्षणात सरकारने लक्ष घालायचे नाही. त्यामुळे एकीकडे गणित, भूगोल, इतिहास आणि परीक्षा. दुसरीकडे कॅथलिक मुलींसाठी प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षण, म्हणजे कॅटेकिझम. पुढे राज्यघटनेच्या कलम २८(३) नुसार मान्यताप्राप्त वा अनुदानित शाळेत संमतीशिवाय कोणालाही धर्मशिक्षण घेण्यास भाग पाडता येत नाही. अन्य धर्मीय मुलींच्या वाट्याला ‘मॉरल सायन्स’चा तास आला.

सेंट मेरीजमध्ये हे दोन्ही विषय शिकविणारी एक शिक्षिका १९३१ मध्ये रुजू झाली. ती भूगोल शिकवी, इतिहास शिकवी, आणि कॅटेकिझमही. १९४४ मध्ये ती मुख्याध्यापिका झाली. तिचे नाव सिस्टर, आणि १९३७ नंतर मदर, तेरेसा. त्यांचे चरित्रकार बहुधा ही सतरा वर्षे घाईने ओलांडतात. जणू त्या खऱ्या जीवनकार्याची वाट पाहत थांबल्या होत्या! मला मात्र ही वर्षे शिक्षणाच्या इतिहासातील एक स्वतंत्र प्रकरण वाटते.

शाळेच्या भिंतीपलीकडेच मोतीझील ही झोपडपट्टी होती. नाव मोत्यांच्या तळ्याचे, प्रत्यक्षात सांडपाण्याचे डबके. शाळेत मरियमभक्त मुलींचा ‘सोडॅलिटी’ नावाचा संघ होता. फादर ज्युलियन हेन्री या बेल्जियन जेझुइटांच्या मार्गदर्शनाखाली त्यातील मुली रुग्णालयात व झोपडपट्टीत जात. मठाच्या नियमामुळे तेरेसांना मात्र त्यांच्याबरोबर जाता येत नसे. म्हणजे भूगोल शिकविणारी आत आणि विद्यार्थिनी बाहेर! पलीकडचे जग पाहून येणाऱ्या मुलीच त्या जगाच्या वार्ताहर झाल्या. धर्मशिक्षणाचा पाठ शिक्षिकेकडून विद्यार्थिनीकडे जातो, असे आपण गृहीत धरतो. येथे त्याची दिशा उलटली होती.

१६ ऑगस्ट १९४६ रोजी कोलकात्यात भीषण दंगल उसळली. वसतिगृहात सुमारे ३०० मुली आणि खायला काही नाही, अशा अवस्थेत तेरेसा नियम मोडून रस्त्यावर आल्या. सैनिकांनी त्यांना अडविले आणि मग तांदळाची पोती शाळेत पोहोचविली. त्यानंतर महिन्याभरातच, १० सप्टेंबर रोजी, दार्जिलिंगच्या गाडीत त्यांना गरिबांत जाऊन राहण्याचा अंतःस्वर ऐकू आला. ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांनी लोरेटो सोडले आणि डिसेंबरात त्या मोतीझीलमध्ये गेल्या. तेथे त्यांनी प्रथम काय केले? शाळा काढली. फळा नव्हता, म्हणून काठीने जमिनीवर अक्षरे गिरविली. १९ मार्च १९४९ रोजी त्यांच्याकडे आलेली पहिली सहकारी, सुभाषिनी दास, ही सेंट मेरीजचीच विद्यार्थिनी होती. तिच्यामागून आलेल्यांतही याच शाळेच्या मुली होत्या.

याचे सारे श्रेय शाळेला द्यावे काय? तसे करणे भाबडेपणाचे होईल. भिंत शाळेने पाडली नाही; जिला ती सोसवेना, तिला शाळा सोडावी लागली. परंतु भिंतीपलीकडे पाहण्याची दृष्टीही त्याच आवारात घडली, हे नाकारता येत नाही. हा अंतर्विरोध संस्थेच्या आत राहूनच सोडविण्याचा प्रयत्न पुढे जवळच्याच सियालदा येथील लोरेटो शाळेत झाला. १९७९ मध्ये तेथे मुख्याध्यापिका झालेल्या सिस्टर सिरिल मूनी यांनी मोफत शिकणाऱ्या गरीब मुलींची संख्या पुष्कळ वाढविली. १९८५ पासून ‘रेनबो’ उपक्रमात रस्त्यावरची मुले शाळेच्या आवारात शिकू लागली आणि त्यांना शिकविणे हा वरच्या वर्गांतील मुलींच्या अभ्यासाचाच भाग ठरला. त्यासाठी कोणा मुलीने कॅथलिक असण्याची आवश्यकता नव्हती. २००७ मध्ये पद्मश्री मिळालेल्या सिस्टर सिरिल २०२३ मध्ये निवर्तल्या.

आपण चरित्रवाङ्मय शिकविताना नायकाच्या ‘साक्षात्कारा’वर थांबतो. त्याआधीची शिक्षकी वर्षे, तास, वसतिगृह, परीक्षा ही नुसती पार्श्वभूमी म्हणून वगळतो. तेरेसांचे चरित्र वाचताना विद्यार्थ्यांना या वेळी १९३१ ते १९४८ एवढाच भाग वाचायला सांगावा आणि विचारावे, या शाळेत कोण कोणाला शिकवीत होते?