मेढीवरचा गोठा

एखाद्या कार्याचा आरंभ झाला की त्याची 'मुहूर्तमेढ रोवली' असे आपण लिहितो. शाळा असो, पतपेढी असो की एखादे मासिक असो, त्याच्या प्रारंभाला आपल्या भाषेने मांडवातील त्या पहिल्या खांबाचे नाव दिले आहे. मेढ म्हणजे जमिनीत खड्डा घेऊन रोवलेला लाकडी खांब. तिच्याखाली जोते नाही, दगडी पाया नाही. मातीने तिला धरून ठेवायचे आणि तिने छपराला. मानवाने निवाऱ्यासाठी शोधलेल्या युक्त्यांपैकी ही फार जुनी युक्ती होय. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांच्या जमिनी सापडल्या, तेव्हा खांब केव्हाच मातीमोल झालेले होते. परंतु त्यांचे खड्डे मात्र शिल्लक होते. त्या खड्ड्यांच्या रांगांवरून घर गोल होते की चौकोनी, हे संशोधकांना सांगता आले.

हीच प्राचीन विद्या विसाव्या शतकात अमेरिकेच्या शेतकऱ्याने नव्याने हाती घेतली. तिकडे तिला 'पोल बार्न' म्हणतात. पोल म्हणजे खांब आणि बार्न म्हणजे गुरे, वैरण, धान्य व अवजारे ठेवण्याची जागा. आपल्या गोठ्याचा आणि कोठाराचा तो थोरला भाऊ. आज अमेरिकेच्या ग्रामीण भागात हिंडणाऱ्याला पन्हळी पत्र्यांच्या या इमारती जागोजागी दिसतात. कित्येक शेतकऱ्यांनी त्या स्वतःच्या हातांनी उभारलेल्या असतात. हे बांधकाम इतके सोपे व स्वस्त कसे झाले, याची हकिकत उद्बोधक आहे.

वसाहतकाळातील मेढी

इंग्रज वसाहतवाले १६०७ साली व्हर्जिनियातील जेम्सटाउन येथे उतरले. त्यांनी आपली पहिली घरे मेढी रोवूनच बांधली. तेथील १६०८ च्या प्रार्थनामंदिराचा शोध २०१० साली लागला, तोही जमिनीत उमटलेल्या खांबांच्या मोठमोठ्या खड्ड्यांवरून. पुढील शंभर वर्षे व्हर्जिनिया आणि मेरीलँड येथील बहुसंख्य शेतकरी अशाच घरांत राहिले. मजुरांची वाण होती, तंबाखूच्या पिकाने जमीन लवकर थकत असे आणि रोगराईमुळे माणसाच्या आयुष्याचाही भरवसा नव्हता. अशा परिस्थितीत दगडी पायाचा खर्च कोण करणार? मेढी कुजल्या की नवे घर बांधावे, असा तो व्यवहार होता.

मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात वसलेल्या फ्रेंच कॅथलिकांनी मात्र ही विद्या अधिक चिवटपणे जोपासली. ते खांब एकमेकांजवळ उभे रोवीत आणि मधल्या फटी चिखल, गवत किंवा दगड-चुन्याने लिंपीत. आपल्या कुडाच्या घराशी त्याचे दूरचे नाते जुळते. मिसूरी राज्यातील सँट जेनेव्हीव्ह या गावी तांबड्या सीडर वृक्षाच्या खांबांची अशी तीन घरे आजही उभी आहेत. सगळ्या उत्तर अमेरिकेत आता अशी घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत. नदीपलीकडील कहोकिया येथील 'पवित्र कुटुंबाचे चर्च' १७९९ साली उभ्या ओंडक्यांचेच बांधले गेले. परंतु त्याचे ओंडके जमिनीत न रोवता आडव्या पाटावर बसविलेले आहेत. मातीचा स्पर्श टाळला की लाकूड टिकते, हा धडा तोवर लोक शिकले होते.

गावाने उभारलेले कोठार

एकोणिसाव्या शतकात शेती सुस्थिर झाली, तशी कोठारेही भारदस्त झाली. दगडी जोते, त्यावर जाडजूड तुळया, कुसू आणि खाच यांची जोडणी, आणि सांधा पक्का करण्यासाठी लाकडी मेखा. असा एक एक सांगाडा जमिनीवर जुळवून मग तो उभा करावयाचा असे. हे एका घराच्या आवाक्यातले काम नव्हते. ठरलेल्या दिवशी पंचक्रोशीतील शेजारी जमत. पुरुष दोर आणि लांब काठ्या घेऊन सांगाडे उचलीत, बायका पंक्तीची सिद्धता करीत. पेन्सिल्व्हेनिया आणि ओहायोमधील आमिश ख्रिस्ती समाजात ही रीत आजही जिवंत आहे.

त्याच शतकात शिकागोत एक वेगळीच वाट निघाली होती. १८३३ साली बांधलेल्या सेंट मेरी या त्या शहरातील पहिल्या कॅथलिक चर्चच्या बाबतीत परंपरा असे सांगते की, जाड तुळयांऐवजी पातळ फळ्या व खिळे वापरून उभारलेली ती पहिली इमारत होय. पहिलेपणाचा मान कोणाचा, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. परंतु यंत्राने कापलेल्या फळ्या आणि स्वस्त खिळे यांमुळे कुसू कोरणाऱ्या निष्णात सुतारावाचूनही घर उभे राहू शकते, हे त्या काळी सिद्ध झाले, याविषयी वाद नाही.

मंदीतून निघालेली वाट

पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत शेतमालाचे भाव कोसळले. १९२९ नंतरच्या महामंदीने तर शेतकरी पार खचला. जुनी कोठारे मोडकळीस आलेली आणि नवी बांधण्यास पैसा नाही, अशी अवस्था झाली. इतरांच्या शेतीची व्यवस्था पाहणारी एक संस्था हॉवर्ड डोन या गृहस्थांनी मिसूरी राज्यात चालविली होती. त्यांचे शेती-व्यवस्थापक बर्नन पर्किन्स यांनी १९३० च्या सुमारास या अडचणीवर विचार केला. पायाचा खर्च नको असेल तर खांबच जमिनीत खोल रोवावेत, आणि जड छपराऐवजी जस्ताचा मुलामा दिलेले पोलादी पत्रे घालावेत, अशी त्यांची योजना. प्रारंभी त्यांनी खांबांसाठी तांबडा सीडरच वापरला. सँट जेनेव्हीव्हच्या फ्रेंचांनीही तोच निवडला होता, कारण हे लाकूड मूळचेच कुजण्यास दाद देत नाही.

परंतु सीडर किती पुरणार? येथे दोन जुने शोध कामी आले. इंग्लंडमधील जॉन बेथेल यांनी १८३८ साली बंद टाकीत दाब देऊन लाकडाच्या आतपर्यंत क्रिओसोट हे डांबरापासूनचे तेल मुरविण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले होते. रेल्वेचे स्लीपर आणि तारांचे खांब त्यामुळे टिकू लागले. १९३५ साली अमेरिकी सरकारने खेड्यांत वीज नेण्याची मोहीम हाती घेतली, तेव्हा दहांतील नऊ शेतांवर वीज नव्हती. विजेच्या तारांसाठी असे तेल पाजलेले खांब गावोगाव येऊ लागले आणि शेतकऱ्याने त्यांतूनच आपले कोठार उभारले. 'पोल बार्न' हे नाव पडले ते या गोल खांबांमुळे.

दुसरा शोध आपल्या देशातला. देहरादूनच्या वनसंशोधन संस्थेत सोंटी कामेशम या भारतीय शास्त्रज्ञाने १९३३ साली तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या क्षारांचे मिश्रण सिद्ध केले. तांबे बुरशीला मारते, आर्सेनिक वाळवीला, आणि क्रोमियम त्या दोघांना लाकडाच्या तंतूंशी जखडून ठेवते. 'अस्कू' या नावाने ते ओळखले जाऊ लागले. १९३८ साली त्याला अमेरिकेतही पेटंट मिळाले आणि पुढे जगभरच्या खांबांना हिरवट छटा आली ती याच मिश्रणाची. अमेरिकेच्या कोठारांना इतकी दशके उभे ठेवण्यात एका भारतीयाच्या बुद्धीचा वाटा आहे, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते.

पर्किन्स यांनी १९४९ साली आपल्या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९५३ साली ते त्यांना मिळाले. कायद्याने ती त्यांची मालमत्ता झाली. प्रत्येक कोठारामागे मोबदला मागण्याचा हक्क त्यांना होता. त्यांनी तो बजावला नाही. उलट आपली पद्धत त्यांनी सर्वांना खुली केली आणि ती जितकी पसरेल तितकी पसरू दिली. या बांधकामाच्या झपाट्याने झालेल्या प्रसाराचे रहस्य पुष्कळसे या औदार्यात आहे.

स्वतः उभारावयाचे झाल्यास

ही रचना समजण्यास आपण एक लहान कोठार डोळ्यांपुढे आणू: चोवीस फूट रुंद, बत्तीस फूट लांब. प्रथम जागा उंचवट्याची, पाणी न साचणारी निवडावी. दोरी व खुंट्यांनी आखणी करावी. कोन काटकोनात आहे की नाही हे पाहण्यास गुण्या पुरत नाही; समोरासमोरच्या कोपऱ्यांतील अंतर मोजावे. दोन्ही कर्ण बरोबर चाळीस फूट भरले म्हणजे आखणी बिनचूक. तीन-चार-पाचचा हा शाळेतलाच हिशेब.

आठ-आठ फुटांवर खांब धरले तर दोन्ही लांब बाजूंना पाच-पाच, आणि रुंदीच्या बाजूंना मध्ये दोन-दोन, असे एकूण चौदा खड्डे होतात. खड्डा साधारण चार फूट खोल घेतात. उत्तरेकडील राज्यांत हिवाळ्यात जमीन गोठून फुगते आणि खांबाला वर ढकलते. म्हणून गोठणाऱ्या थराच्या खाली तळ असावा लागतो. तळाशी काँक्रीटची जाड चकती, तिच्यावर खांब. ओळंबा धरून खांब सरळ केला की त्याला तात्पुरते तिरके धिरे द्यावयाचे आणि खड्डा थोडा थोडा भरून पहारीने ठोकावयाचा. भरणीचे काम येथे घाईने करून चालत नाही, कारण वारा आला की सगळा भार या मातीवर येतो. छप्पर हलके असते, त्यामुळे ते खाली दबण्यापेक्षा वर उडण्याची भीती अधिक. म्हणून खांबाच्या बुडाशी आडव्या पट्ट्या ठोकतात किंवा काँक्रीटचा गळपट्टा घालतात. वरची माती मग खांबाला उपटू देत नाही.

पुढचे काम वेगाने होते. खांबांना बाहेरून आडव्या पट्ट्या, माथ्यावर दुहेरी तुळई, तिच्यावर लाकडी कैच्या, कैच्यांवर रिपा आणि शेवटी पत्रे. पत्रा केवळ पाऊस अडवीत नाही. सर्व बाजूंनी नीट बसविला म्हणजे तो इमारतीला वाकू न देणारे कवच होतो, हे अभियंत्यांनी पुढे मोजून दाखविले.

जमिनीची रेघ

या रचनेचे मर्मस्थान एकच आहे. मेढ कुजते ती जमिनीलगत. खोल मातीत ओल असते पण हवा नसते. वर हवा असते पण ओल टिकत नाही. दोन्ही जेथे भेटतात त्या वीतभर पट्ट्यात बुरशी आपले काम करते. आपल्याकडे मेढीचे बूड जाळून किंवा डांबर लावून रोवतात, ते याचसाठी. विषारी क्षारांनी या शत्रूला दूर ठेवले, पण त्याचीही किंमत होती. आर्सेनिक मातीत झिरपते, मुलांच्या हातांना लागते, हे ध्यानी आल्यावर अमेरिकेत २००३ च्या अखेरीस बहुतेक घरगुती उपयोगांतून हे मिश्रण मागे घेण्यात आले. आता इतर औषधे वापरतात किंवा खांब काँक्रीटच्या ठोकळ्यावर जमिनीबाहेर उभा करतात. कहोकियाच्या लोकांनी १७९९ साली जे केले, तिकडेच हा रस्ता वळला आहे.

आणखी एका किमतीचा विचार मनात येतो. जे कोठार उभारण्यास पूर्वी सारे गाव लोटत असे, ते आता बाप आणि मुलगा मिळून सुट्टीच्या दिवसांत उभारू शकतात. गरिबाला स्वावलंबी करणारी ही गोष्ट आहे आणि तिचे मोल कमी लेखता येणार नाही. परंतु शेजाऱ्याची गरज संपली की शेजारही हळूहळू विरळ होतो, हेही तितकेच खरे. आमिश सुतारांच्या कित्येक टोळ्या आज पोल बार्न बांधण्याचा व्यवसाय करतात, आणि तरीही कोणा शेजाऱ्याचे कोठार जळाले तर मोबदल्याची भाषा न करता सारे जमतात. नवी पद्धत स्वीकारूनही जुना धर्म राखता येतो, याचे हे उदाहरण आहे. आपल्या गावांत मांडवाची कंत्राटे देण्याची पद्धत आता रूढ झालेली आहे. मेढ कोणीही रोवो, ती रोवताना भोवती शेजारी उभे असावेत, एवढे आपण अजूनही पाहू शकतो.