घरात एक, दुकानात एक : एकच सॉफ्टवेअर दोन कॉम्प्युटरवर वापरताना काय बघायचं?

नंदगड : दिवसभर दुकानात बिलं करायची आणि रात्री जेवण आटोपून घरच्या कॉम्प्युटरवर तीच खाती पुढं लिहायची, हा आपल्या भागात अनेक घरांचा नेम झालाय. नंदगडच्या बाजारपेठेतला व्यापारी असो, खानापूर-बेळगावात कर सल्लागाराकडं काम करणारी पोरं असोत, नाहीतर निपाणीत दुकान आणि कोल्हापुरात घर असलेला माणूस असो, प्रश्न सगळ्यांचा एकच. सॉफ्टवेअर एकदा पैसे देऊन घेतलं, मग तेच घरीही टाकलं तर चालतं का?

याचं उत्तर ‘चालतं’ किंवा ‘चालत नाही’ असं एका शब्दात देता येत नाही. ते सॉफ्टवेअरप्रमाणं बदलतं. पण कुठलंही सॉफ्टवेअर असलं तरी दोनच गोष्टी विचारायच्या. लायसन कशाला बांधलंय? आणि आपला डेटा नेमका कुठं राहतोय? बहुतेक लोक पहिला प्रश्न विचारतात आणि दुसरा विसरतात. नुकसान होतं ते दुसऱ्यात.

लायसन कशाला बांधलेलं असतं?

सॉफ्टवेअर विकत घेतलं म्हणजे टीव्हीसारखी वस्तू विकत घेतली, असं होत नाही. आपण पैसे देतो ते वापरायच्या परवानगीचे. ही परवानगी साधारण चार प्रकारांत मोडते.

१) मशीनला बांधलेली : एका कॉम्प्युटरवर एकदा चालू केली की तिथंच. नव्या लॅपटॉपबरोबर येणारं विंडोज याच प्रकारातलं. लॅपटॉप विकला की तेही त्याच्याबरोबर जातं.

२) माणसाला बांधलेली : आपल्या ई-मेल आयडीनं लॉगिन करायचं. मशीन कुठलंही असो, पण माणूस तोच.

३) कुलपाला बांधलेली : पेन ड्राइव्हसारखा दिसणारा डोंगल मशीनला लावल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नाही. छापखान्यांत आणि डीटीपीवाल्यांकडं हा प्रकार वर्षानुवर्षं आहे. डोंगल घरी नेला तर ऑफिसचं काम बंद.

४) कुणालाही न बांधलेली : मोफत आणि खुली सॉफ्टवेअर. घरी, दुकानात, मुलाच्या लॅपटॉपवर, कुठंही टाका.

आता आपल्याकडं रोज लागणारी सॉफ्टवेअर एकेक करून बघू.

टॅली

खात्यांसाठी आपल्याकडं पहिलं नाव टॅलीचंच निघतं. बेंगळुरूची ही कंपनी १९८६ साली सुरू झाली. २००९ मध्ये टॅली ईआरपी ९ आलं आणि २०२० च्या नोव्हेंबरात टॅली प्राइम. टॅली प्राइमचे मुख्य प्रकार दोन. सिल्व्हर म्हणजे एका वेळी एकाच कॉम्प्युटरवर एकच वापरणारा. गोल्ड म्हणजे एकाच ऑफिसात नेटवर्कनं जोडलेल्या कितीही कॉम्प्युटरवर. गोल्ड घेतलं म्हणजे घरीही आपोआप चालेल, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. ते नेटवर्क ऑफिसच्या आतलं असतं.

मग सिल्व्हरवाल्यानं घरून काम कसं करायचं? सरळ मार्ग तीन.

पहिला मार्ग, लायसन हलवणं. दुकानातल्या टॅलीत लायसन ‘सरेंडर’ करायचं आणि घरच्या मशीनवर तेच लायसन चालू करायचं. कॉम्प्युटर बदलताना हा उत्तम उपाय आहे, रोज सकाळ-संध्याकाळ करण्यासारखा नाही. मशीन अचानक बंद पडलं आणि सरेंडर करता आलं नाही, तर ज्या ई-मेलवर लायसन नोंदवलंय त्या ई-मेलनं ते नव्या मशीनवर परत चालू करता येतं. म्हणून तो ई-मेल आणि पासवर्ड मालकाच्या ताब्यात पाहिजे. सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्यानं स्वतःचाच ई-मेल घालून ठेवला असेल, तर अडचणीच्या दिवशी मालक त्याच्या दारात. आजच बघून घ्या.

दुसरा मार्ग, रिमोट. टॅलीची वार्षिक सेवा, म्हणजे टीएसएस, चालू असेल तर घरच्या कॉम्प्युटरवरून दुकानातल्या कंपनीत लॉगिन करता येतं. त्यासाठी दुकानातला कॉम्प्युटर चालू, टॅलीत कंपनी उघडी आणि दोन्हीकडं इंटरनेट पाहिजे. रात्री दुकानाची वीज गेली की घरचं कामही थांबलं. पण एक मोठा फायदा आहे. डेटा दुकानातच राहतो, त्याच्या दोन प्रती होत नाहीत. टीएसएस संपलं तरी कायमचं घेतलेलं लायसन चालूच राहतं, रिमोट आणि नवे अपडेट यांसारख्या सेवा मात्र बंद होतात.

तिसरा मार्ग, घरी शैक्षणिक पद्धतीत टॅली वापरणं. हे लायसनशिवाय चालतं. शिकणाऱ्या मुलांना चांगलं आहे. पण त्यात महिन्यातल्या १, २ आणि ३१ या तारखांच्याच नोंदी घालता येतात. शिकायला पुष्कळ, धंद्याला निरुपयोगी.

वर्ड-एक्सेल

मायक्रोसॉफ्टचं ऑफिस दोन पद्धतींनी मिळतं. एकदा पैसे भरून घेतलेलं ऑफिस एका मशीनपुरतं असतं. दर वर्षी पैसे भरायचं मायक्रोसॉफ्ट ३६५ माणसाला बांधलेलं असतं. त्यातल्या पर्सनल प्रकारात एकच माणूस एका वेळी पाच उपकरणांवर लॉगिन राहू शकतो, तर फॅमिलीत सहा माणसांपर्यंत वापरता येतं. घर आणि दुकान अशा दोन मशीनसाठी हिशेब केला, तर वर्षाचं शुल्क कधी कधी दोन कायमच्या प्रतींपेक्षा सोयीचं पडतं.

पण घरगुती प्रकार हे घरच्या वापरासाठीच असतात. धंद्यासाठी ‘बिझनेस’ नावाचे वेगळे प्रकार आहेत. कॉलेजातल्या मुलाच्या लायसनवर दुकानाचा कारभार चालवायचा, हे अटीत बसत नाही.

मराठी आणि कन्नड टायपिंग

सीमाभागात हा खरा डोकेदुखीचा विषय. अर्ज कन्नडमध्ये, बातमी मराठीत, बिल इंग्रजीत. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी आणि सी-डॅकचं आयएसएम ही नावं इथल्या प्रत्येक डीटीपीवाल्याला पाठ आहेत. कर्नाटकातल्या सरकारी कचेऱ्यांत कन्नड गणक परिषदेचं ‘नुडी’ चालतं आणि ते मोफत मिळतं.

या सॉफ्टवेअरांच्या जुन्या फॉण्टमध्ये टाइप केलेली फाइल, तोच फॉण्ट नसलेल्या मशीनवर उघडली की अक्षरांच्या जागी इंग्रजी चिन्हांचा गोंधळ दिसतो. ऑफिसात टाइप केलेली लग्नपत्रिका घरी वाचताच येत नाही ती याच कारणानं. त्यावर उपाय युनिकोड. ते विंडोजमध्ये आधीच असतं, त्यासाठी वेगळं लायसन लागत नाही आणि घरची फाइल ऑफिसात जशीच्या तशी उघडते.

कळपाट शिकायचाच असेल तर इनस्क्रिप्ट शिका. भारतीय मानक ब्युरोनं १९९१ मध्ये तो प्रमाण ठरवला. भारतीय लिप्यांना त्याची रचना एकच आहे. मराठीत ज्या कळीवर ‘क’ येतो त्याच कळीवर कन्नडमध्येही ‘क’ येतो. एकदा बोटं बसली की दोन्ही भाषांचं काम होतं. आपल्या भागातल्या पोरांना नोकरीसाठी याहून उपयोगाची गोष्ट क्वचितच असेल.

मोफत पर्याय

पत्रं, कोटेशन, साधे तक्ते एवढंच काम असेल तर लिब्रेऑफिस पुरेसं आहे. ते किती मशीनवर टाकायचं यावर बंधन नाही आणि धंद्यालाही चालतं. एक्सेलच्या फाइली त्यात उघडतात. अवघड सूत्रं किंवा मॅक्रो असलेल्या फाइलींत मात्र फरक पडू शकतो, म्हणून आधी एका फाइलीवर करून बघा.

कायदा काय म्हणतो?

कॉम्प्युटर प्रोग्रॅमला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं संरक्षण आहे. त्याच्या कलम ५२ नं वापरणाऱ्यालाही काही सवलती दिल्यात. कायदेशीर प्रत ज्याच्याकडं आहे त्याला, ज्या कामासाठी ती दिली त्या कामापुरती प्रत आणि नुकसानीपासून बचाव म्हणून बॅकअप प्रत करता येते. स्वतः कायदेशीर मिळवलेल्या प्रतीवरून बिगरव्यापारी वैयक्तिक वापरासाठी प्रत करण्याचीही तरतूद आहे. त्यातले ‘बिगरव्यापारी’ आणि ‘वैयक्तिक’ हे दोन शब्द महत्त्वाचे. घरी बसून दुकानाची खाती लिहिणं हा धंद्याचाच वापर झाला. काम कुठं केलं यापेक्षा कशासाठी केलं, हे बघायचं.

चोरीची प्रत आहे हे माहीत असून ती वापरली तर कलम ६३ ब लागतं. त्यात किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. धंद्यातल्या फायद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद न देता ५० हजारांपर्यंत दंड करू शकतं. ‘क्रॅक’ टाकून देणारा शे-दोनशे रुपये घेऊन जातो, गळ्यात मात्र वापरणाऱ्याच्या येतं. त्यात अशा प्रतीबरोबर व्हायरस आला तर खातीच जातात.

डेटा : दोन प्रती झाल्या की घोटाळा

आता दुसरा प्रश्न. बी.कॉम. झाल्यावर मी काही वर्षं एका दुकानाची खाती लिहीत होतो. शनिवारी पेन ड्राइव्हवर डेटा घेऊन घरी आलो आणि रविवारी बसून महिन्याच्या सगळ्या खरेदी नोंदी घातल्या. सोमवारी दुकानात जाऊन घरचा डेटा तिथल्या डेटावर टाकला. रविवारी दुकान उघडं होतं आणि दुसऱ्यानं दिवसभराची बिलं त्याच कॉम्प्युटरवर केली होती, हे मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. सगळी बिलं पुसली गेली. कार्बन कॉपीचं बिलबुक होतं म्हणून वाचलो. दोन रात्री बसून परत घातली. मालक काही बोलले नाहीत, पण पुढचे सहा महिने माझ्या हातात पेन ड्राइव्ह दिसला की विचारायचे, “आज काय नेतोयस?”

त्या वेळी सॉफ्टवेअर बरोबर होतं, लायसनही बरोबर होतं. चूक झाली ती दोन ठिकाणी एकाच वेळी एकाच वहीत लिहिण्याची. तेव्हापासून पाळलेले नियम असे.

• एका वेळी एकच प्रत ‘चालू’. डेटा घरी आला की दुकानातल्या मशीनवर नोंद बंद. तसा कागद कॉम्प्युटरवर चिकटवा.
• जुन्यावर नवा डेटा टाकण्याआधी जुन्याचा तारीख घालून बॅकअप.
• दोन्हीकडं सॉफ्टवेअरची आवृत्ती एकच. नव्या आवृत्तीत रूपांतर झालेला टॅलीचा डेटा जुन्या आवृत्तीत उघडत नाही.
• टॅली चालू असताना त्याचं डेटा फोल्डर थेट क्लाउड ड्राइव्हला जोडू नका. फाइल अर्धवट चढली तर बिघडते. बॅकअपची फाइल चढवा.
• पेन ड्राइव्ह ने-आण करण्यासाठी. तो बॅकअप नव्हे.

नोंदणीकृत कंपनी असेल तर आणखी एक गोष्ट. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना, कुठली नोंद कधी बदलली याची खूण ठेवणारं आणि ती खूण बंद न करता येणारं सॉफ्टवेअरच वापरावं लागतं. एकट्या मालकाच्या दुकानाला हा नियम नाही. पण कंपनीत नोकरी असेल तर घरच्या जुन्या सॉफ्टवेअरवर नोंदी करून आणू नका.

दुकान कर्नाटकात, घर महाराष्ट्रात

सॉफ्टवेअरच्या लायसनला राज्याची सीमा नसते. नंदगडात घेतलेलं लायसन चंदगडात किंवा म्हापशात चालतं. जीएसटीला मात्र सीमा आहे. प्रत्येक राज्याची नोंदणी वेगळी. नंबरचे पहिले दोन आकडे कर्नाटकाला २९, महाराष्ट्राला २७ आणि गोव्याला ३०. दोन राज्यांत दुकानं असतील तर बिल कुठल्या नोंदणीवर जातंय ते घरून काम करताना आधी बघा. टॅली प्राइमच्या ३.० आवृत्तीपासून एकाच कंपनीत एकाहून जास्त जीएसटी नंबर ठेवता येतात. त्यामुळं सोय झाली, तशी चुकीचा नंबर निवडायची शक्यताही वाढली.

नोकरदारांसाठी

मालकाचं सॉफ्टवेअर घरच्या मशीनवर टाकायचं असेल तर आधी विचारा आणि होकार लेखी घ्या. व्हॉट्सअॅपवरचा एक मेसेजही तोंडी शब्दापेक्षा बरा. घरच्या कॉम्प्युटरवर मुलं गेम खेळत असतील तर कामासाठी वेगळा युजर आणि पासवर्ड करा. नोकरी सोडताना घरचा डेटा काढून टाका आणि तसं कळवा.

विकत घेण्याआधी विक्रेत्याला विचारायचे पाच प्रश्न

१) हे मशीनला आहे, माणसाला की डोंगलला?
२) मशीन बदललं तर हलवता येतं का, आणि किती वेळा?
३) घरून वापरायला वेगळे पैसे लागतात का?
४) लायसन कुणाच्या ई-मेलवर नोंदवणार?
५) वर्षाचं शुल्क थांबवलं तर माझा डेटा उघडेल का?

ही उत्तरं बिलाच्या मागं लिहून घ्या आणि बिल जपून ठेवा. पुढं कॉम्प्युटर बंद पडेल तेव्हा तेच कामाला येईल.