पेटीचे माप : न्यूअर्कच्या धक्क्यापासून सर्व्हरपर्यंत

१/ दि. २६ एप्रिल १९५६. अमेरिकेतील न्यूअर्क बंदरातून ‘आयडियल-एक्स’ हे जुने तेलवाहू जहाज ह्यूस्टनकडे निघाले. त्याच्या डेकवर धातूच्या ५८ पेट्या होत्या. या पेट्यांनी पुढे जगाचा व्यापार बदलला. अर्धशतकानंतर सॉफ्टवेअरच्या जगाने आपल्या एका जुन्या दुखण्यावर उपाय शोधला, तेव्हा रूपकही त्यांचेच घेतले.

२/ तोपर्यंत गोदीत प्रत्येक पोते, पिंप आणि खोका माणसे वेगवेगळा उचलत. सुटा माल चढवण्याचा खर्च टनामागे ५.८६ डॉलर येई. पेटीबंद मालासाठी तो सुमारे १६ सेंटवर आला. ही कल्पना तडीस नेणारे माल्कम मॅकलीन हे ट्रकवाहतुकीचे व्यावसायिक होते. पेटीत काय आहे, याच्याशी क्रेनला कर्तव्य उरले नाही.

३/ मात्र खरी क्रांती पेटीने नव्हे, तर पेटीच्या मापाने केली. आरंभी प्रत्येक कंपनीचे माप निराळे होते. एकाची पेटी दुसऱ्याच्या जहाजावर बसत नसे. १९६० च्या दशकात मॅकलीन यांच्या कंपनीने आपल्या पेटंटचे हक्क खुले केले. आंतरराष्ट्रीय मानके ठरली आणि २० व ४० फुटांच्या पेट्या सर्वमान्य झाल्या.

४/ या सोयीची किंमतही मोजावी लागली. जगभरच्या बंदरांत गोदी कामगारांचे काम आटले. महाराष्ट्रात १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले आणि मुंबईच्या जुन्या गोद्यांकडची कंटेनर वाहतूक हळूहळू खाडीपलीकडे गेली.

५/ आता संगणकाकडे वळू. एका यंत्रावर उत्तम चालणारा प्रोग्रॅम दुसऱ्या यंत्रावर कोसळतो, कारण तेथील लायब्ररी, त्यांच्या आवृत्त्या आणि फाइलींची रचना वेगळी असते. म्हणजे सुट्या मालाचीच ही अडचण. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये ‘सीएच-रूट’ ही सोय आली. तिच्यामुळे एखाद्या प्रोग्रॅमला फाइलींच्या विश्वाचा केवळ एक कोपरा दाखवता येऊ लागला.

६/ ही भिंत अपुरी होती. २००० साली फ्रीबीएसडीने ‘जेल’ आणले. त्यात प्रोसेस आणि नेटवर्कही वेगळे राखले जाई, त्यामुळे एकाच यंत्रावर अनेक ग्राहकांना स्वतंत्र ठेवता आले. २००६ साली गूगलमधील पॉल मेनेज आणि रोहित सेठ यांनी प्रोसेसच्या गटाला प्रोसेसर व मेमरीची मर्यादा घालणारी यंत्रणा लिहायला घेतली. ‘सी-ग्रुप्स’ या नावाने ती २००८ साली लिनक्सच्या गाभ्यात दाखल झाली.

७/ याच काळात दुसरा प्रवाह वाहत होता, तो वाट पाहण्याच्या कलेचा. १९९९ साली डॅन केगेल यांनी प्रश्न मांडला : एक सर्व्हर एकाच वेळी दहा हजार ग्राहक का सांभाळू शकत नाही? जुनी पद्धत पंगतीत प्रत्येक पानामागे एक वाढपी उभा करण्यासारखी होती. बहुतेक वाढपी नुसते ताटकळत.

८/ उत्तर घटनाप्रेरित रचनेत सापडले. एकच वाढपी साऱ्या पंगतीवर नजर ठेवतो आणि ज्याने हाक दिली त्याच्याकडे जातो. लिनक्समध्ये २००२ साली ‘ई-पोल’ आले. २००४ साली इगोर सिसोएव्ह यांचा ‘एन्जिनएक्स’ आणि २००९ साली रायन डाल यांचे ‘नोड’ याच तत्त्वावर उभे राहिले.

९/ मार्च २०१३. सॉलोमन हाइक्स यांनी पायकॉन परिषदेत अवघ्या काही मिनिटांत ‘डॉकर’ दाखवले. भिंती आणि मर्यादा लिनक्समध्ये आधीच होत्या. नवे होते ते पेटी बांधण्याचे सोपे कृतिपत्र, थरांनी बनलेली ‘इमेज’ आणि ती ठेवण्याचे सामाईक कोठार. बोधचिन्हावर पाठीवर पेट्या वाहणारा देवमासा होता.

१०/ दोन्ही प्रवाह आता एकत्र आले. वाचकाने छायाचित्र चढवले की लघुचित्र तयार करणारी एक छोटी सेवा घ्या. चित्र येते, ही घटना. तिचा निरोप रांगेत पडतो. कंटेनरमधील प्रोग्रॅम तो उचलतो, लघुचित्र बनवून साठवणीत ठेवतो आणि मग निरोपाची पोच देतो. गर्दी वाढली तर त्याच इमेजच्या आणखी पेट्या उभ्या करायच्या, ओसरली की बंद करायच्या. नोव्हेंबर २०१४ मध्ये ॲमेझॉनने ‘लॅम्डा’ जाहीर केले आणि अशा कामाचे भाडे १०० मिलिसेकंदांच्या हिशेबाने आकारले.

११/ येथे एक जुनी शिस्त उपयोगी पडते. पोच देण्यापूर्वीच पेटी कोसळली, तर तोच निरोप पुन्हा येतो. म्हणून काम असे लिहावे लागते की ते दोनदा झाले तरी परिणाम एकदाच व्हावा. लघुचित्र दोनदा बनले तर बिघडत नाही, पण ग्राहकाच्या खात्यातून पैसे दोनदा वजा झाले तर बिघडते. शिवाय पेटी केव्हाही मोडीत निघू शकते. त्यामुळे जपण्याजोगे काहीही तिच्या आत ठेवायचे नसते.

१२/ आणि माप? जून २०१५ मध्ये डॉकरसह अनेक कंपन्यांनी ‘ओपन कंटेनर इनिशिएटिव्ह’ स्थापन केले. इमेजची रचना आणि ती चालवण्याचे नियम खुले झाले. त्यामुळे एका साधनाने बांधलेली पेटी दुसरे साधन चालवू शकते आणि छोटा संघही कोणा एका विक्रेत्याच्या दावणीला बांधला जात नाही.

१३/ मापाने जग जिंकले, तरी माप देणाऱ्यांना राज्य मिळतेच असे नाही. मॅकलीन यांची पुढील जहाज कंपनी १९८६ साली दिवाळखोरीत गेली. डॉकरने २०१९ साली मोठ्या ग्राहकांसाठीचा आपला व्यवसाय विकला. खुली केलेली मापे मात्र मागे राहिली. न्हावा-शेव्याच्या क्रेन आणि जगभरचे सर्व्हर आजही त्यांच्याच आधारे पेट्या उचलतात.